होळी काठमांडूत, धुळवड जनकपुरात, रंगपंचमी शहापुरात

शहापूरकर (धागाकर्ता)

मंडळी, यंदा (२०२५) एकाच फाल्गुनात तीनदा रंगून आलो. १३ मार्चला काठमांडू, १४ ला जनकपूर आणि १९ ला आपली घरची रंगपंचमी. ऑफिसात सांगितलं तर लोक म्हणतात, होळी एक असते रे बाबा, तू तीन कुठून आणलास? इथं मात्र कुणाला समजावत बसावं लागणार नाही. कपिलेश्वरचा पूल ओलांडला की सणाची तारीख बदलते, हे आपण चड्डीत होतो तेव्हापासून बघतोय. पुलापलीकडं बेळगावात होळीच्या दुसऱ्या दिवशी रंग, अलीकडं शहापूर-वडगावात पंचमीला. शहापूर सांगली संस्थानातलं, म्हणून आपली पंचमी, असं आमच्या गल्लीतले जुने लोक सांगतात.

नेपाळात हाच प्रकार आहे, फक्त मोठ्या मापाचा. काठमांडू, पोखरा असल्या डोंगरी भागात फाल्गुन पौर्णिमेलाच रंग खेळतात. तराईत, म्हणजे बिहारला चिकटून असलेल्या सपाट पट्ट्यात, दुसऱ्या दिवशी. सरकारी सुट्टीसुद्धा तशीच वाटून देतात. आमचा कॉलेजातला एक दोस्त जनकपूरचा आहे. बेळगावात शिकायला होता, मेसचं खाऊन खाऊन आपल्यातलाच झाला. गेल्या वर्षीपासून बोलवत होता. त्यानंच डोक्यात भरवलं की पौर्णिमेला काठमांडूत खेळा, संध्याकाळच्या विमानानं जनकपूरला या, सकाळी परत खेळा. शहापूरच्या माणसाला असला हिशेब सांगितल्यावर तो गप्प बसतो होय?

काठमांडूबद्दल सांगतो. बसंतपूरला, जुन्या राजवाड्याच्या चौकात, अष्टमीच्या दिवशी एक उंच बांबू उभा करतात. त्याला चीर म्हणतात. वर तीन थरांची छत्रीसारखी कडी आणि त्यांना रंगीबेरंगी कापडाच्या चिंध्या बांधलेल्या. कृष्णानं गोपींची वस्त्रं पळवून झाडावर टांगली, त्याची ही आठवण. आठवडाभर चीर तिथंच उभा. पौर्णिमेला संध्याकाळी तो खाली घेतात आणि टुंडिखेलच्या मैदानात नेऊन जाळतात. उतरवताना चिंध्या ओढून घ्यायला झुंबड उडते म्हणे. आम्हाला विमान गाठायचं होतं, ते बघता आलं नाही. सकाळी मात्र चीराखाली उभं राहून खेळलो.

तिथं गुलालाला अबिर म्हणतात. आदल्या संध्याकाळी असन बाजारात घेतलो. मसाल्याची पोती, पितळी भांडी, सुक्या माशांच्या टोपल्या आणि मधेच अबिराचे ढीग. आपल्या रविवार पेठेत सणाच्या आदल्या दिवशी असतं तसलंच सगळं, फक्त चढ-उतार जास्त आणि हॉर्न कमी. पाण्याच्या फुग्यांना तिथं लोला म्हणतात आणि ते बाल्कनीतून येतात. खालून चालणाऱ्यानं वर बघायचं नसतं, हे पहिल्याच गल्लीत समजलं.

आता गंमत. आमच्यातल्या एका भाद्दरानं भर बसंतपुरात सवयीप्रमाणं उलट्या हातानं तोंडावर मारून बोंब ठोकली. एक पोलीस धावत आला, कुणाला लागलंबिगलं की काय बघायला. त्याला हिंदीत समजावून सांगेपर्यंत मागं उभी असलेली चार-पाच नेपाळी पोरं बोंब मारायला शिकून मोकळी झाली होती. त्यातला एक तर आमच्या भाद्दरापेक्षा भारी मारत होता.

जनकपूरचं पुढच्या प्रतिसादात लिहितो. जेवायला हाक आली.

चव्हाटगल्लीवाला

पहिला नंबर! भारी लिहिलास बे. पण १४ तारखेला पांगुळ गल्लीचं लोटांगण चुकवलास ते चुकवलासच. अश्वत्थामाच्या देवळासमोर रस्ता ओला, वरून रंगाचं पाणी आणि माणसं लोळत चाललेली. हे सोडून परदेशात जायचं म्हणजे काय बोलायचं! फोटो टाक.

अण्णा_वडगाव

लेख वाचला. उत्साह चांगला आहे. एक विचारतो, रागावू नकोस. १३ ला सकाळी रंग खेळलात, म्हणजे होळी पेटायच्या आधी? आमच्या घरात आधी होळी पेटते, तिला नारळ नि पोळीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी तिची राख कपाळाला, आणि रंग त्यानंतर. यंदा तर पौर्णिमा १३ ला सकाळी साडेदहानंतर लागली आणि भद्रा, म्हणजे होळी पेटवायला वर्ज्य मानलेला काळ, रात्री अकरा वाजून गेल्यावर संपली. पंचांग बघणाऱ्यांनी मध्यरात्रीपर्यंत होळी थोपवली होती. आणि तुम्ही दुपारीच लाल होऊन बसलात!

घरची होळी कुणी पेटवली, तेही सांग.

शहापूरकर

अण्णा, नमस्कार. घरची होळी धाकट्या भावानं पेटवली. नारळ आईनं वाहिला आणि व्हिडिओ कॉलवर मला दाखवला. काठमांडूचं म्हणाल तर तिथं क्रमच उलटा आहे. दिवसभर रंग, संध्याकाळी चीर जाळायचा. म्हणजे अग्नी आहे, पण शेवटी. मी तिथल्या एका नेवार (काठमांडू खोऱ्यातले मूळचे लोक) दुकानदाराला तुमचाच प्रश्न विचारलो. तो म्हणाला, चीर उभा राहिला त्या दिवसापासून होळी सुरू, जळला की संपली. त्याच्या हिशेबात होळी आठ दिवसांची आणि रंग शेवटच्या दिवसाचा. आपण जाळून सुरुवात करतो, ते जाळून शेवट करतात. तुम्हाला पटलं नाही तरी चालेल अण्णा, मलाही त्या दिवशी जरा चुकल्यासारखं वाटत होतंच.

गोकाकचा_करदंट

अण्णांच्या मुद्द्याला जोडून. आमच्या भागात कन्नड गल्ल्यांत कामण्णा जाळतात. मदनाला शंकरानं भस्म केलं ती गोष्ट. होलिका-प्रल्हाद आमच्याकडं शाळेच्या पुस्तकातून आले. एकाच गावात एका कोपऱ्यावर कामण्णा आणि दुसऱ्यावर होळी, आणि लाकडं दोन्हीकडची पोरं एकमेकांची चोरून आणतात. त्यामुळं काठमांडूत गोपींची वस्त्रं जळतात हे ऐकून मला काही वेगळं वाटलं नाही. फाल्गुनात काहीतरी जाळायचं आहे, कुणाच्या नावानं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

अवांतर: बागलकोटची होळी बघितली नसेल तर परदेशाचं नाव काढू नका. हलगी दिवसचे दिवस थांबत नाही. बैलगाड्या आणि ट्रॅक्टरवर रंगाची पिंपं चढवून एका पेठेची दुसऱ्या पेठेवर चढाई असते. आमच्यापासून बस आहे, पासपोर्ट लागत नाही.

जांबोटी_जंगल

वाचतोय. फोटो टाका हो. दोन प्रश्न आहेत. कागदपत्रं काय लागतात, आणि रंग इकडून नेता येतात काय? आमच्याकडं खानापूरच्या रानात मार्चमध्ये पळस नुसता पेटलेला असतो. घरी आजी फुलं रात्रभर भिजवून, सकाळी उकळी काढून केशरी पाणी करायची. तसली सुकी फुलं पिशवीभर न्यावी म्हणतो पुढल्या वर्षी.

शहापूरकर

कागदपत्रं: भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही. विमानानं जाणार असाल तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार चालत नाही, हे ठळक अक्षरात लिहून ठेवा. पंधरा वर्षांखालच्या पोरांना आणि पासष्टच्या वरच्यांना दुसरी कागदपत्रं चालतात, बाकीच्यांना नाही. आमच्यातला एकजण पासपोर्ट नसल्यामुळं मतदार कार्डावर आला होता. दिल्लीच्या काउंटरवरच्या साहेबांनी ते उलटून पालटून बघितलं आणि विचारलं, ये कौनसी भाषा है? आमचा गडी म्हणाला, साहेब, त्यावर तर आमच्याकडं साठ-सत्तर वर्षं वाद चाललाय. साहेबांना काही कळलं नाही, पण शिक्का मारला.

पैसे: भारताचे १०० म्हणजे नेपाळचे १६०. हा दर बांधलेला आहे, घासाघीस करू नका. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायचं. त्या पंधरा मिनिटांवरून रोज कुणीतरी कुणालातरी शिव्या घालतं.

रंग: विमानात नेऊ नका. तिथं अबिर मिळतो, स्वस्त मिळतो. पळसाची फुलं नेलात तर मला वाटतं कुणी हरकत घेणार नाही, पण नक्की सांगत नाही.

निपाणीची_लेक

मी स्टुटगार्टहून. जांबोटीभाऊ, नेपाळचं मला माहीत नाही, पण युरोपात फुलंबिलं आणू नका. सुक्या फुलांची पिशवी विमानतळावर उघडली की ती कचऱ्यात जाते आणि वर प्रश्नोत्तरं होतात. माझ्या सासूबाईंनी हौसेनं दिलेली तमालपत्रंसुद्धा तिथंच राहिली.

आता माझं. मार्चमध्ये इथं थंडी असते. अंगावर पाणी टाकलं तर माणूस होळीला नाही, दवाखान्यात जाईल. म्हणून आमचं मंडळ एक हॉल घेतं. हॉलवाल्याची पहिली अट, रंग नको. मग कपाळाला बोटभर गुलाल, पुरणपोळी, कटाची आमटी, पोरांचं नाच-गाणं आणि शेवटी खुर्च्या मोजून परत लावणं. खुर्च्या मोजताना जितकी हसलेय तितकी निपाणीच्या रंगपंचमीतही कधी हसले नसेन.

आणि मग जर्मन लोकांची 'होली'. २०१२ मध्ये बर्लिनमध्ये पहिल्यांदा तिकीट लावून झाली आणि तिथून गावोगाव पसरली. ती मार्चमध्ये नसतेच, उन्हाळ्यात असते. पांढरा टीशर्ट, डीजे, आणि ठरावीक वेळानं मंचावरून उलटी मोजणी. दहा, नऊ, आठ… शून्याला सगळ्यांनी एकदम पुडी हवेत उडवायची. मी एकदा ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर गेले होते. वाईट नव्हतं. पण कुणी कुणाला रंग लावत नाही हो! प्रत्येकजण आपापला रंग आपल्याच डोक्यावर उडवतो आणि फोटो काढतो. मी शेजारच्या मैत्रिणीच्या गालाला हात लावला तर ती दचकली. मग तिला समजावलं की आमच्यात असंच असतं, आधी विचारायचं, मग सोडायचं नाही. त्यानंतर तिनं मला जे रंगवलं ते आठवडाभर कानामागून निघालं नाही.

उद्यमबागचा_फोरमन

ताई, त्या उलटी मोजणीच्या प्रकाराबद्दल बोलायलाच हवं. २७ जून २०१५ ला तैवानमध्ये एका वॉटर पार्कात असलाच रंगाचा कार्यक्रम होता. मंचावरून यंत्रानं रंगीत पावडर गर्दीवर फवारत होते. पावडर म्हणजे मक्याचं पीठ, रंग घातलेलं. तिनं पेट घेतला. १५ माणसं गेली, पाचशेच्या आसपास भाजली. बहुतेक कोवळी पोरं, अंगावर पोहायचे कपडे, त्यामुळं भाजणं जास्त.

लोक म्हणतात, पीठ कसं पेटेल? परातीतलं पीठ पेटत नाही, हवेत उधळलेलं पेटतं. मी फाउंड्रीत आयुष्य काढलंय. कोळशाची भुकटी पोत्यात असेपर्यंत गरीब असते. तीच शेडमध्ये धुरळ्यासारखी तरंगली आणि कुठं ठिणगी, तापलेला दिवा, सिगारेट मिळाली की प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा असते आणि सगळे कण एकदम जळतात. पळायला वेळ मिळत नाही. मैद्याच्या गिरण्या, साखरेची गोदामं अशीच उडालीत.

आपल्या गल्लीत हातानं लावलेल्या गुलालाला हा धोका जवळजवळ नाही. उघड्यावर, थोडा थोडा, बरंचसं पाणी. धोका आहे तो ब्लोअर लावून, गॅसच्या दाबानं, दाटीवाटीत पिठाचा ढग करण्यात. आजकाल आपल्याकडंही मोठ्या मैदानावर असली यंत्रं यायला लागलीत. बाजूला वडापावची शेगडी असते. आयोजकांना कुणीतरी सांगा. मी सांगितलं तर म्हणतात, काका तुम्ही लई विचार करता.

चव्हाटगल्लीवाला

काका, दंडवत. हे आमच्या मंडळाच्या ग्रुपवर पाठवतोय.

चिकोडीची_सून

मीही होते बरं का या टोळीत, आणि धागाकर्त्यानं निम्मं गाळलंय. म्हणून लिहिते.

बसंतपूर सकाळी छान होतं. बायकापोरांचे घोळके, ढोल, म्हाताऱ्या नेवार आजीबाई हातात एवढीशी वाटी घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपाळाला टेकवत होत्या. पण दुपारी ठमेलला गेलो तिथं मला आवडलं नाही. रस्ता अरुंद, परदेशी पर्यटक, स्पीकर आणि प्यायलेली पोरं. 'ह्याप्पी होली' म्हणत हात कुठंही. काठमांडूचे पोलीस दर वर्षी बजावतात की नको म्हणणाऱ्यावर लोला मारला तर धरू, आणि धरतातही. पण गर्दीत कोण कुणाला धरणार? आम्ही तिघी होतो. मधे एकमेकींचे हात धरून, पुरुषांना बाहेरून कडं करायला लावून त्या गल्लीतून निघालो. हे काठमांडूतच घडतं असं नाही, आपल्या चौकातही घडतं. ज्या बायका जाणार असतील त्यांनी सकाळी बसंतपूर करावं आणि दुपारी हॉटेलच्या गच्चीवर बसावं. गच्चीवरची होळी फार मजेची, खाली लोला सोडायला मिळतात.

आणि हो, त्या दिवशी टॅक्सी मिळत नाही, दुकानं बंद. आमच्या ट्रॅव्हलवाल्यानं विमानतळावर सोडायला गाडी पाठवतो म्हणून पैसे आधीच घेतले होते. गाडी आलीच नाही, फोन बंद. अंगभर रंग, पाठीवर सॅक अशा अवतारात बरंच अंतर चालून शेवटी एका टेम्पोवाल्याच्या दयेनं पोचलो. विमानात शेजारच्या काकांनी सीटवर वर्तमानपत्र अंथरून दिलं.

जनकपूरचं मी लिहू का? ह्याचं जेवण काही उरकत नाही.

शहापूरकर

लिही लिही. ठमेलचं मी मुद्दाम नाही गाळलं, तूच लिहावंस असं वाटलं.

चिकोडीची_सून

बरं. जनकपूरला रात्री पोचलो. दोस्ताच्या आई, त्यांना आम्ही काकीच म्हणत होतो, पायाला तेल लावून बसलेल्या. फाल्गुनात तिथं मिथिलेची परिक्रमा असते. पंधरा दिवस पायी, पुढं सीतारामाचा डोला, मागं साधू आणि हजारो बाया-माणसं. काही मुक्काम नेपाळात, काही भारतात. सीमेवर कुणी अडवत नाही. पौर्णिमेला जनकपूरला प्रदक्षिणा घालून ती संपते आणि दुसऱ्या दिवशी होळी. काकी त्यातून त्याच दिवशी परतल्या होत्या. पंधरा दिवस चालून आलेली बाई दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीपुढं! मी म्हटलं, काकी, आज तुम्ही बसा, आम्ही आमची पुरणपोळी करतो.

त्यांचं स्वयंपाकघर मागच्या अंगणाला लागून. हरभऱ्याची डाळ मिळाली, गूळ मिळाला, पुरणयंत्र कुठलं मिळणार? शिजलेली डाळ पाट्यावर वाटायला बसलो. त्यांचा पाटा आपल्यापेक्षा लहान, वरवंटा आडवा नि जड. गूळ ओलसर होता, पुरण सैल झालं, परत कढईत घालून आटवलं. काकी शेजारी बसून मालपुव्याचं पीठ फेटत होत्या आणि माझ्या हाताकडं बघत होत्या. त्यांच्याकडं पीठ-पुरण लाटायची पद्धत नाही असं नाही, डाळभरली पुरी करतात, पण गोड आणि एवढी पातळ म्हटल्यावर त्यांना कौतुक वाटलं. पहिली पोळी तव्यावर फुटली. दुसरीला काकींनी स्वतः हात लावला. तिसरीपासून त्या लाटत होत्या आणि मी भाजत होते. बेळगावहून आमटीचा मसाला नेला होता, कटाची आमटी झाली. पोळीवर तूप घातलं. दही पण घेतलं, तिथं कशावरही दही घेतात.

मग रंग. सकाळी चिखल-पाण्याचा, दुपारी आंघोळ करून नवे कपडे घालून कोरडा अबिर. वडीलधाऱ्यांच्या पायावर घालायचा, बरोबरीच्यांच्या गालाला लावायचा. ही वाटणी मला फार आवडली. संध्याकाळी दारोदार ढोलक घेऊन पुरुषांचा जथा जोगीरा गात फिरतो. दोन ओळी म्हणायच्या आणि शेवटी सगळ्यांनी एकदम सा रा रा रा. शब्द तिखट असतात. काकी आत निघून गेल्या तेव्हा कळलं किती तिखट. आमच्या भाद्दरानं तिथंही बोंब मारली आणि तिथं मात्र कुणी पोलीस आला नाही, सगळ्यांना ती जोगीऱ्यातलीच वाटली.

शहापूरकर

एक राहिलं. सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांग! आपल्याकडं धुळवडीला असते तेवढीच लांब. मी दोस्ताबरोबर थैली घेऊन उभा राहिलो. पुढच्या माणसानं वळून विचारलं, कहाँ से? मी म्हटलं, बेळगाव, कर्नाटक. माझा दोस्त लगेच मधे तोंड घालून, 'कर्नाटक नाही बे, बेळगाव म्हण नुसतं.' जनकपूरच्या मटणाच्या रांगेत, मैथिली माणसाच्या तोंडून! एवढ्या वर्षांत तो आपल्याकडून नेमकं काय शिकून गेला ते कळलं.

अण्णा_वडगाव

हे वाचून हसलो. सूनबाई, लिखाण उत्तम. पायावर अबिर घालायची पद्धत आमच्याकडंही होती. माझे वडील देवाला गुलाल वाहिल्यावर आजोबांच्या पायावर चिमूट घालत. पिचकाऱ्या आल्या आणि ती गेली.

नंदगडकर_हेग

मी नेदरलँड्समध्ये. इथं हेगमध्ये एक वेगळंच बघायला मिळतं. सुरीनाममधून आलेले हिंदू इथं मोठ्या संख्येनं आहेत. त्यांचे पूर्वज बिहार-उत्तर प्रदेशातले. मजुरीच्या करारावर सुरीनामला गेले, त्यातले पहिले १८७३ मध्ये 'लल्ला रूख' जहाजातून. १९७५ ला सुरीनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास बरेचजण इकडं आले. ते होळीला फगवा म्हणतात. सुरीनामात त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, गयानातही असते.

माझा शेजारी त्यांच्यातला. डच बोलतो, घरी सरनामी बोलतो. ती ऐकली की आपल्याला अर्धी कळते. पहिल्या वर्षी त्यानं मला ढोलक-झांज घेऊन बसणाऱ्यांच्यात नेलं. चौताल म्हणतात. दोन ओळी समोरासमोर बसून एकमेकांवर गाणं फेकायचं, लय वाढवत न्यायची. पुस्तकात शब्द रोमन लिपीत लिहिलेले. पिढ्यान् पिढ्या भारत बघितला नाही, पण फाल्गुन पौर्णिमा चुकवलेली नाही. मी त्याला सांगितलं की आमच्या गावी रंगाला दोन वेगवेगळ्या तारखा आहेत. तो म्हणाला, मग तुम्ही भाग्यवान, दोनदा सुट्टी. मी म्हटलं, सुट्टी एकदाच मिळते बाबा, दुसऱ्यांदा रजा टाकावी लागते.

जोगीऱ्याचं वाचून म्हणूनच बरं वाटलं. ज्या मुलखातून हे लोक गेले, तिथं तुम्ही प्रत्यक्ष जाऊन आलात.

डॉक्टर_टिळकवाडी

थोडक्यात सांगतो. खोबरेल तेल अंगाला, केसांना, कानामागं नि नखांच्या कडेला. कॉन्टॅक्ट लेन्स घालून रंग खेळू नका, चष्मा किंवा काहीच नको. डोळ्यात गेलं तर चोळू नका, स्वच्छ पाणी वाहतं ठेवा. लाल होऊन दुखत राहिलं, दिसायला धूसर वाटलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं. चंदेरी, काळा, गर्द हिरवा असले चमकणारे रंग टाळा. परगावी खेळणार असाल तर आपली औषधं वरच्या बॅगेत ठेवा. दम्याच्या माणसानं इनहेलर खिशात ठेवावा, हॉटेलात नाही. आणि भांग. बिहार-तराईत ती थंडाईत सहज मिळते, पोटात गेल्यावर चढायला वेळ लावते, म्हणून लोक दुसरा पेला घेतात. घोटाळा दुसऱ्या पेल्याचा असतो.

चिकोडीची_सून

दुसऱ्या पेल्याबद्दल धागाकर्त्याला विचारा.

शहापूरकर

पुढचा प्रश्न घ्या.

जांबोटी_जंगल

परतीचं सांगा की. जनकपूरहून १९ च्या आत शहापूर कसं गाठलात?

शहापूरकर

जनकपूरहून जयनगरला रेल्वे आहे. आधी छोटी लाइन होती, २०२२ पासून ब्रॉडगेज. गाडीत ओळखपत्र बघतात. जयनगर म्हणजे बिहार, स्टेशनाबाहेर आलं की भारत. तिथून पवन एक्स्प्रेस थेट मुंबईला. पण ऐका, होळीनंतर बिहारमधून मुंबईकडं निघणाऱ्या गाडीची गर्दी बघितल्याशिवाय गर्दी या शब्दावर बोलू नये. अर्धं बिहार सणाला घरी आलेलं असतं आणि तेच परत कामावर निघालेलं. आमची बर्थ आरक्षित होती, म्हणजे बर्थवर आमच्या बाजूला किती माणसं बसणार ते आम्ही ठरवू शकत नव्हतो. सगळ्यांच्या कानात रंग, सगळ्यांच्या डब्यात पुआ नि ठेकुआ. दोन रात्री कशा गेल्या कळलं नाही. मुंबईहून रात्रीची बस, १८ ला सकाळी घर.

१९ ला गल्लीत उतरलो तर पोरं म्हणतात, दादा, तुझा आधीचाच रंग अजून निघालेला नाही, तुला लावायचा कुठं? तरी लावले. पिंपभर ओतले.

चव्हाटगल्लीवाला

पुढच्या वर्षी मला धरा. आमची धुळवड बुडाली तरी चालेल, पंचमीला मी पूल ओलांडून येतोच तुमच्याकडं.

गोकाकचा_करदंट

मलाही. डबा मी आणतो, करदंट आठवडाभर टिकतो. कुंदा आणू नका, दिल्लीपर्यंत पोचायच्या आधीच संपतो.

शहापूरकर

आलात तर आनंद. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही. परतीचं तिकीट त्या दिवशी सकाळी आठला काढलं नाही तर विसरा. ज्यांच्याकडं पासपोर्ट नाही त्यांनी मतदार कार्ड शोधून ठेवा, नाव-वय बरोबर आहे का बघा. अण्णा, तुम्ही येणार काय? पासष्टच्या वर आहात, तुम्हाला आधार चालतो.

अण्णा_वडगाव

माझ्या गुडघ्याला विचारून सांगतो. परिक्रमा केलेल्या त्या काकी कुठलं तेल लावतात, ते तेवढं कळवा.